द जंगल बुक (२०१६): गाणं आमचं, वाघ आमचा, सिनेमा मात्र भलत्याचाच

आधीच सांगून टाकते, सिनेमा वाईट नाहीये आणि मी शिव्या घालायला बसलेली नाहीये. २०१६ ला जॉन फॅवरोचा हा 'द जंगल बुक' आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात थ्रीडी चष्मा लावून बघितला, मस्त वाटला, बाहेर येऊन चार जणांना जा म्हणून सांगितलं. मग टीव्हीवर लागला की बघितला, मग लेक जरा मोठी झाल्यावर तिच्यासोबत ओटीटीवर बघितला, आणि दर वेळी तो जरा जरा उतरतच गेला. परवा सुट्टीत परत लावला तर मी मधेच कुकर लावायला उठले आणि 'थांबवा जरा' असं म्हणावंसंही वाटलं नाही, यावरून काय ते समजा.

तर हा रिव्ह्यू मुख्यतः त्यांच्यासाठी आहे जे रविवारी सकाळी दूरदर्शनवरचा मोगली बघत मोठे झालेत आणि आता आपल्या पोरांना हा सिनेमा दाखवायच्या विचारात आहेत. ज्यांनी ते कार्टून बघितलंच नाही त्यांनी बिनधास्त बघा, तुम्हाला आवडेल, तुमचं काही हरवलेलंच नाहीये.

ते कार्टून जपानी होतं हे तेव्हा कुणाला माहीत होतं! निप्पॉन अ‍ॅनिमेशनने १९८९-९० मध्ये केलेली ५२ भागांची सिरीज, ती दूरदर्शनने १९९३ मध्ये हिंदीत आणली, 'जंगल जंगल बात चली है... चड्डी पहन के फूल खिला है' हे गाणं गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजचं (तेव्हा हा माणूस कोण हेही कुणाला ठाऊक नव्हतं), आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. आमच्याकडे भंडाऱ्याला तर मोगली हा आपल्याच बाजूचा पोरगा अशी पक्की समजूत होती, आणि ती काही अगदीच चुकीची नव्हती, कारण किपलिंगच्या गोष्टीतलं जंगल म्हणजे सिवनीचं, नदी म्हणजे वैनगंगा, आणि ती वैनगंगा सिवनीकडून खाली येऊन आमच्या गावाला लागूनच जाते. पेंचचं जंगलही अर्धं तिकडे मध्य प्रदेशात अर्धं इकडे नागपूरकडे. किपलिंग स्वतः मुंबईत जन्मलेला, जेजे स्कूल ऑफ आर्टच्या आवारात, १८६५ साली. म्हणजे गोष्ट इथली, लिहिली इंग्रजाने, काढली जपान्यांनी, बोलली हिंदीत, आणि आम्ही मात्र ती आपलीच म्हणून बघितली. त्यात कुणाला काही खटकलं नाही. मग अमेरिकेतून आलेल्या सिनेमातच का खटकावं, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारलाय.

एक कारण तर सरळ आहे. सिनेमा आम्हाला आमच्या रविवारच्या नावावर विकला. रिलीजच्या आधी डिस्नीने तेच चड्डीवालं गाणं विशाल भारद्वाजकडून नव्याने करून घेतलं, शेरखानच्या हिंदी आवाजाला परत नानालाच बोलावलं, आणि अमेरिकेच्या एक आठवडा आधी, ८ एप्रिलला, इथे सिनेमा लावला. कुणाच्या खिशात हात घालायचाय हे त्यांना बरोब्बर माहीत होतं. तिशी-पस्तिशीतले आम्ही सगळे, हातात नुकताच पगार, काखेत एखादं पोरगं, गाणं ऐकलं की डोळ्यात पाणी. पैसेही तसेच आले, त्या वेळेपर्यंत भारतात सगळ्यात जास्त कमावलेला हॉलिवूडचा सिनेमा ठरला तो. धंदा म्हणून मी टोपी काढते, खरंच. पण थेटरात बसल्यावर समोर जे चालू होतं त्याचा आमच्या कार्टूनशी काडीचा संबंध नव्हता. त्या सिनेमाचा बाप वेगळा आहे, १९६७ चा डिस्नीचा कार्टून सिनेमा, जो आमच्यापैकी बहुतेकांनी लहानपणी बघितलाच नव्हता.

आता 'का' नावाच्या अजगराचं बघा. किपलिंगच्या पुस्तकात का म्हणजे मोगलीचा दोस्त, माकडांनी पोराला पळवलं तेव्हा बाळू अस्वल आणि बघीरा हा काळा बिबट्या ज्याच्याकडे मदत मागायला जातात तो. आमच्या कार्टूनमध्येही तो आपल्या बाजूचाच, म्हातारा, जरा गूढ, पण आपला. १९६७ मध्ये डिस्नीने त्याला व्हिलन केला आणि २०१६ मध्ये तो व्हिलनच राहिला, फक्त बाईच्या आवाजात, इंग्रजीत स्कार्लेट योहान्सन आणि हिंदीत प्रियांका चोप्रा. सीन दिसायला जबरदस्त आहे, धुकं, हलणाऱ्या वेटोळ्यांच्या मधे पोरगं, सगळं झकास, पण ती येते, मोगलीच्या बापाची पूर्वकथा सांगते, त्याला गिळायला बघते, तेवढ्यात बाळू येतो आणि ती सिनेमातून गेली ती गेलीच. एवढी मोठी अजगरीण केवळ फ्लॅशबॅक सांगायला आणलीये. पहिल्यांदा बघताना हे लक्षात येत नाही कारण आपण खुर्चीला चिकटलेले असतो. दुसऱ्यांदा यायला लागतं आणि तिसऱ्यांदा दुसरं काही दिसतच नाही.

माकडांचंही तेच. किपलिंगच्या माकडांची अख्खी गंमतच ही होती की त्यांना राजा नाही, कायदा नाही, आज ठरवलेलं उद्या आठवत नाही. डिस्नीने १९६७ मध्ये त्यांच्यावर ओरांगउटान राजा बसवला. मग २०१६ वाल्यांना कुणीतरी सांगितलं असणार की बाबांनो ओरांगउटान भारतात नसतो, म्हणून त्यांनी काय केलं तर त्याला जायगँटोपिथेकस करून टाकलं, म्हणजे लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेलं महाकाय वानर! म्हणजे जिवंत प्राणी चुकीच्या देशातला वाटतो म्हणून मेलेला आणला. यावर मी आणि दादा अजूनही हसतो. त्यात तो राजा एवढा अवाढव्य आणि भीतीदायक, आणि मधेच गाणं म्हणायला लागतो. अहो, हे असं ना धड घरचं ना धड घाटचं कशाला, घाबरवायचंय तर घाबरवा, गायचंय तर गा.

पण हे सगळं मी चालवून घेतलं असतं. माझा खरा वांधा वाघाशी आहे.

नानांनी दोन्ही वेळा शेरखानला आवाज दिलाय आणि दोन्ही वेळा जीव ओतलाय, त्याबद्दल वादच नाही. कार्टूनमध्ये तो आवाज ऐकला की पांघरुणात शिरावंसं वाटायचं, कारण काढलेल्या वाघाला भुवया असतात, ओठ वाकडा करता येतो, डोळे बारीक करून थांबता येतं, आणि नानांचं ते थांबून थांबून बोलणं त्या चेहऱ्यावर नीट बसायचं. सिनेमातला वाघ मात्र खऱ्या वाघासारखा करायचा म्हणून एकेक केस मोजून केलाय. आणि खऱ्या वाघाच्या चेहऱ्यावर काही दिसतच नाही हो, तो ताडोबात जिप्सीसमोरून जातो तेव्हा आपल्याकडे असा बघतो की आपण झाड आहोत. त्यामुळे सिनेमात तोंड इंग्रजीच्या मापाने थोडंसं उघडतं मिटतं आणि वरून नानांचा गडगडाट येतो, आणि दोन्हीची गाठच पडत नाही. लेकीने पहिल्याच वेळी विचारलं, "आई, हा आवाज वाघाच्या पोटातून येतोय का?" तेव्हापासून मला तो पोटातूनच ऐकू येतो. काही इलाज नाही.

बरं शेरखानचा एक सीन खरंच उत्तम आहे, तोही सांगते नाहीतर म्हणाल नुसती नावं ठेवते. लांडग्यांचा म्होरक्या अकेला, त्याला मारल्यानंतर शेरखान लांडग्यांच्या पिल्लांमध्ये आरामात पसरून त्यांना कोकिळेची गोष्ट सांगतो, ती दुसऱ्याच्या घरट्यात अंडं कसं टाकते ती, आणि मोगलीला वाढवणारी लांडगीण रक्षा लांबून बघतेय, पिल्लांना हाक मारायचीये पण घाईने मारता येत नाही. तिथे ना उडी आहे ना पळापळ, नुसतं बोलणं, आणि तरी पोटात गोळा येतो. हिंदीत रक्षाला शेफाली शाहचा आवाज आहे, तिने तर दोन वाक्यांत काम करून टाकलंय. असे अजून पाच सीन असते तर मी हे सगळं लिहायलाच बसले नसते.

ते नाहीयेत कारण वेळ नाही. पावणेदोन तासात सगळं उरकायचंय. ५२ भागांच्या कार्टूनमध्ये असे कितीतरी रविवार असायचे जेव्हा शेरखान फिरकायचाही नाही, मोगली नुसता भावंडांशी भांडायचा, कुणाशी तरी दोस्ती करायचा, बूमरँग फेकायला शिकायचा, कुणी आजारी पडायचं, पाऊस यायचा. त्यामुळे जंगल हे शेजारपाजार वाटायचं. तबाकी कोल्हा आला की आता हा चुगली करणार हे आम्हाला आधीच माहीत असायचं, कारण त्याला आम्ही महिनोन्‌महिने ओळखत होतो. सिनेमात तबाकी नाहीच, आणि जे आहेत त्यांनाही ओळख करून द्यायला फुरसत नाही. लांडग्यांच्या पिल्लांपैकी एक ग्रे सोडला तर कोण कोण होतं सांगा बघू आठवून. अकेला मरतो तेव्हाही तसंच, बोलता बोलता शेरखान उचलतो आणि कड्यावरून फेकतो, धक्का बसतो, पण रडू येत नाही, कारण त्याच्याशी आपलं अजून नातंच जुळलेलं नव्हतं.

आता त्या 'खऱ्या' जंगलाविषयी. हे सगळं लॉस एंजेलिसला स्टुडिओत शूट झालंय, खरा फक्त तो नील सेठी नावाचा पोरगा, बाकी प्राण्यांच्या जागी बाहुल्या आणि नंतर कॉम्प्युटर. २०१७ ला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं आणि मिळायलाच हवं होतं. पण कुणाला खरं वाटेल ते जंगल? पेंचचं जंगल सागाचं आहे. उन्हाळ्यात ते पार भुंडं होतं, पानांचा नुसता सडा, पाय टाकला की पापड मोडल्यासारखा आवाज, लांबवर आरपार दिसतं, मधे मधे पळस पेटलेला, मोहाची फुलं पडलेली. सिनेमातलं जंगल म्हणजे वेली, शेवाळ, धबधबे, घनदाट हिरवं, कुठल्या तरी विषुववृत्तावरचं. आणि गोष्टीत दुष्काळ पडलाय बरं का! पाणी आटून तो शांतीचा खडक वर आलाय म्हणून सगळे प्राणी भांडणतंटा सोडून एका पाणवठ्यावर येतात, हा भाग किपलिंगच्या पुस्तकातून उचललाय आणि सिनेमातला सगळ्यात चांगला तुकडा तोच. पण नदी खडखडीत आणि चार पावलांवर झाडं हिरवीगार, हे कसं काय? मे महिन्यात एकदा आमच्या भागात येऊन बघायचं ना.

बाळूचं तर विचारू नका. आपल्याकडचं अस्वल काळं, झिपरं, छातीवर पांढरं व्ही, आणि मोहफुलं वेचायला गेलेल्या बायामाणसांना वाघापेक्षा त्याचीच धास्ती जास्त. सिनेमातला बाळू तपकिरी, गुबगुबीत, गोड. किपलिंगनेही त्याला तपकिरीच लिहिलाय म्हणून रंग माफ. आणि हिंदीत इरफान खानने त्याला पंजाबी लहेजा दिलाय, तो इतका लबाड आणि लाघवी जमलाय की त्याच्यापुढे माझी तक्रार चालत नाही. हिंदीत बघायचं सगळ्यात मोठं कारण इरफान. बघीराला ओम पुरी. दोघंही आता नाहीत, आणि परवा त्या दोघांची नोकझोक ऐकताना मी गोष्ट सोडून नुसते आवाजच ऐकत बसले होते. तेवढा वेळ कुकर वगैरे काही आठवलं नाही.

पण पुस्तकातला बाळू मास्तर आहे. जंगलाचा कायदा शिकवणारा, चुकलं की फटका देणारा. इथे तो मध खाणारा आळशी दोस्त आणि कायदा म्हणजे लांडग्यांनी रांगेत उभं राहून म्हणायची शाळेची प्रतिज्ञा. दोनतीनदा म्हणतात, शेवटी तर लढाईच्या आधी घोषणेसारखी म्हणतात, पण त्या कायद्यात आहे काय आणि तो मोडला तर काय होतं हे कळतच नाही.

आणि इथेच तो माझा नेहमी अडकायचा सीन येतो. मोगली गावातून पेटती मशाल पळवतो, पळता पळता ठिणग्या पडतात, मागे जंगल पेटतं. तो नदीवर पोचतो, सगळे प्राणी त्याच्याकडे घाबरून बघतायत, शेरखान म्हणतो बघा, मी सांगत होतो ना. आणि शेरखान बरोबर बोलतोय! अख्खा सिनेमाभर तो एकच गोष्ट सांगतोय की माणसाचं पोर मोठं होईल आणि आग आणेल, आणि पोराने नेमकी तीच आणली. इथे खरं तर सिनेमा सुरू व्हायला पाहिजे. होतं काय, तर मोगली मशाल पाण्यात फेकतो, सगळे एकदम त्याच्या बाजूने, मारामारी, शेरखान फांदी मोडून आगीत, हत्ती येऊन नदी वळवतात, आग विझली, मोगली झिंदाबाद. किती जळालं, कुणाची पिल्लं गेली, कुणी विचारत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात वणवा लागला की वनखात्याची माणसं फांद्या घेऊन झोडपत रात्र रात्र काढतात, त्यातल्या एकालाही हा सीन दाखवला तर तो म्हणेल पोराला आधी कान धरून उभा करा.

पुस्तकात शेरखान कसा मरतो माहितीये ना? मोगली गावात राहायला गेलेला असतो, गावाच्या म्हशी राखायला त्याच्याकडे दिलेल्या असतात, आणि तो गुराखी पोरगा लांडग्यांच्या मदतीने कळप दोन भागात वाटून ओढ्याच्या घळीत दोन्हीकडून घुसवतो आणि पोट भरून सुस्तावलेला शेरखान म्हशींच्या खुरांखाली जातो. काय डोकं आहे! हे इथल्या मातीतलं मरण आहे, म्हैस राखलेल्या कुणालाही पटेल असं. सिनेमात घळ आहे, म्हशी आहेत, त्या उधळतातही, पण कशासाठी तर मोगलीला शेरखानपासून पळता यावं म्हणून सुरुवातीला एक थ्रीडी धमाल. सामान सगळं हाताशी होतं आणि स्वयंपाक भलताच केला.

आणि शेवट. पुस्तकात मोगली शेवटी माणसांकडे जातो, १९६७ च्या सिनेमातही जातो, आमच्या कार्टूनमध्येही गाव होतं आणि त्याची ओढ होती. हे पोरगं इथलं पण नाही आणि तिथलं पण नाही, ही तर मूळ गोष्टीची ठसठस आहे. शिकायला नोकरीला गाव सोडून पुण्या-मुंबईला आलेल्या माणसाला ती वेगळी समजवावी लागत नाही. २०१६ मध्ये मोगली जंगलातच राहतो, बाळू-बघीरासोबत झाडावर मजेत लोळतो. का? दुसरा भाग काढायचा होता म्हणून असेल किंवा आता पोरांना रडवायचं नाही असं ठरलं असेल. गाव म्हणजे फक्त रात्री लांबून दिसणारी आग, एकही माणूस बोलत नाही. मग 'माणसाचं पोर' या शब्दाला वजन कुठून येणार.

दादाचं मत वेगळं आहे तेही देते. त्याचं म्हणणं, "तू त्या कार्टूनच्या प्रेमात आहेस, आता लावून बघ, चित्रं थरथरतात आणि अर्धा वेळ तीच ती पळापळ." लावून बघितलं. चित्रं थरथरतात हे खरंय, काही भाग कंटाळवाणे आहेत हेही खरंय, पार्श्वभूमी तीच ती परत येते. पण लेक भाग संपल्यावर "मग पुढे काय" म्हणाली. सिनेमा संपल्यावर ती "आता आयस्क्रीम" म्हणाली होती. दादा म्हणतो आठ वर्षांच्या मुलीचा पुरावा कोर्टात चालत नाही.

ज्यांना वाटतंय की मग २०१८ चा अँडी सर्किसवाला नेटफ्लिक्सचा 'मोगली' बघावा, त्यांना एवढंच सांगते की तो पुस्तकाच्या जास्त जवळ आहे, गाव आहे, माणसं आहेत, हिंदीत जॅकी श्रॉफचा शेरखान आणि आपली माधुरी पण आहे, पण प्राण्यांचे चेहरे माणसासारखे करायच्या नादात विचित्र झालेत आणि पांढऱ्या पिल्लाचं जे होतं ते लहान मुलांना अजिबात दाखवू नका. आमच्याकडे त्या रात्री कुणी झोपलं नाही.

तर २०१६ च्या सिनेमाला माझ्याकडून पाचपैकी अडीच. त्यातला एक इरफानचा, एक तांत्रिक कामाचा आणि अर्धा कोकिळेच्या गोष्टीचा. बघायचाच तर हिंदीतच बघा आणि मोठ्या पडद्यावर बघा, मोबाईलवर तर त्यात काही उरतच नाही. सेन्सॉरने यूए (म्हणजे लहानांनी आईबापांसोबत बघावा असा) दिला तेव्हा लोक खूप हसले होते, पण पाचसहा वर्षांचं मूल असेल तर का चा सीन आणि अकेलाचा सीन या दोन्ही वेळी शेजारी बसा. आणि ते गाणं पोरांना आधी ऐकवू नका, नाहीतर पूर्ण वेळ ते कधी येणार म्हणून वाट बघत बसतात आणि मग तुम्हालाच विचारतात.